अमेरिकेतलं युद्ध, खानदेशातली कपाशी: जागतिक इतिहासातली पुन्हा पुन्हा भेटणारी सूत्रं शिकवण्यासाठी एक प्रकरण

१२ एप्रिल १८६१ ला अमेरिकेत फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या सरकारनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी जवळपास ८० टक्के कापूस याच बंदरांतून निघत असे. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीतल्या कपाशीकडे तोवर लिव्हरपूल या इंग्लंडच्या कापूसबाजाराचे व्यापारी नाइलाज असेल तरच वळत. आता तिला एकाएकी गिऱ्हाईक मिळालं. चार वर्षं भाव चढा राहिला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि भाव खाली आला.

खानदेशच्या या चार-पाच वर्षांचं हे प्रकरण नववी ते बारावीच्या वर्गात पाच तासिकांत बसतं. जागतिक इतिहासाची पुस्तकं व्यापार, साम्राज्य, तंत्रज्ञान, कर्ज आणि बंड ही सूत्रं सुटी सुटी देतात आणि मुलं ती पाठ करतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना खंडी, रुई, सरकी, अडत, वखार हे शब्द घरातच ऐकू येतात. त्याच शब्दांतून ही सगळी सूत्रं एका गाठीत बांधलेली दाखवता येतात, म्हणून हे प्रकरण घ्यायचं.

शिकवणाऱ्यानं एक गोष्ट पहिल्या तासिकेपासून धरून ठेवावी. सूत्र सापडलं म्हणजे काम झालं असं नाही. एकच धक्का पाच ठिकाणी बसला आणि पाच ठिकाणी वेगळं घडलं, तर तो फरक कशामुळे पडला हे सांगता आलं पाहिजे. साम्य शोधणं सोपं असतं. मुलांना इतिहास कळायला लागतो तो फरक सांगताना.

धक्क्याआधीचा खानदेश

खानदेश १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. धुळे हे मुख्य ठाणं होतं. पूर्व आणि पश्चिम खानदेश ही विभागणी १९०६ ची, त्यामुळे १८६० च्या दशकाबद्दल लिहिताना ‘जळगाव जिल्हा’ म्हणू नये. उत्तरपत्रिकेत ही चूक हमखास दिसते. तेव्हा जिल्हा एकच होता, खानदेश, आणि आजचं नंदुरबारही त्यातच होतं.

१८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात लोक मोठ्या संख्येनं जमले आणि त्यांनी मोजणीला विरोध केला. सरकारनं फौज आणून तो मोडला. मोजणीची साखळी वावरात आली की मागोमाग सारा, म्हणजे जमिनीचा कर, वाढणार, ही लोकांची भीती होती. हे सूत्र फार जुनं आहे. इसवी सन ६ मध्ये रोमनांनी ज्यूडियात शिरगणती केली तेव्हा तिथेही बंड झालं. वर्गात यावर दहा मिनिटं पुरेत. पण मोजणीची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्यावी, ती पुढे लागणार आहे.

खानदेशी कपाशीचा धागा आखूड होता. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानातल्या बऱ्याचशा कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि लँकेशायर या इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या भागातल्या कामगारांच्या तोंडी हा शब्द वाईट मालासाठीच येई. आखूड धागा सूत काढताना सारखा तुटे आणि त्यात कचराही फार असे. अमेरिकेतलं करवती दात्यांचं जिन, म्हणजे रुईतून सरकी काढणारं यंत्र, इथे आणून पाहिलं गेलं, पण आखूड धाग्याला ते फाडून टाकी. एका जातीच्या कपाशीसाठी बनवलेलं यंत्र जमीन आणि बियाणं न पाहता दुसरीकडे बसवलं की असंच होतं. ‘तंत्रज्ञानाचा प्रसार’ हे सूत्र शिकवताना यश मिळालेल्या यंत्रांपेक्षा हे बिघडलेलं उदाहरण घ्यावं. सरकी रुईपासून का सुटत नाही, हे मुलांनी एक बोंड हातानं पिंजून पाहिलं की दोन मिनिटांत उमगतं. पुढे सरकारनं हिंगणघाटी बियाणं खानदेशात आणलं ते धागा सुधारावा म्हणूनच.

वाहतुकीचा भाग नीट समजावून द्यावा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. कपाशीची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते. माल बैलगाडीनं निघून थळ (कसारा) घाट उतरून मुंबईच्या वाटेला लागे. पाऊस पडला की रस्ते बंद. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला धावली होती. घाटमाथ्यावर इगतपुरीपासून भुसावळकडचा रूळ त्यानंतरच्या दहा वर्षांत पडला, पण मधला घाट मागे राहिला. थळ घाटातली रेल्वे सुरू झाली ती जानेवारी १८६५ मध्ये. युद्ध संपलं त्याच वर्षी एप्रिलमध्ये. म्हणजे तेजी होती तेव्हा खानदेशचा माल घाटाशी अडखळत होता, आणि मुंबईपर्यंत अखंड वाट मिळाली तेव्हा भाव उतरायला तीन महिने उरले होते. मुलांना या दोन तारखा शेजारी शेजारी लिहायला लावाव्यात. ‘रेल्वेमुळे तेजी आली’ असं लिहिणारी मुलं तिथेच थांबतात.

चढता भाव

ब्रिटननं १८६० मध्ये हिंदुस्थानातून सुमारे २० कोटी पौंड वजनाचा कापूस घेतला होता. १८६६ मध्ये हा आकडा ६१ कोटींच्या पुढे गेला. भाव १८६५ मध्ये पडला तरी सर्वांत जास्त माल पुढच्या वर्षी का गेला? कपाशी पेरली जाते जून-जुलैत आणि विकली जाते हिवाळ्यात. पेरणारा गेल्या वर्षीचा भाव डोळ्यांपुढे ठेवून पेरतो. माल गाठींत बांधून जहाजावर चढेपर्यंत आणखी काही महिने जातात. शेतमालाच्या तेजी-मंदीत हा मागोमाग येणारा उशीर जगभर दिसतो. खानदेशच्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही, त्यांच्या घरी दरवर्षी हेच चालतं.

तेजीत भेसळ वाढली. रुईत सरकी, माती, जुना कापूस मिसळणं आणि वजन वाढावं म्हणून गाठ ओली करणं असे प्रकार चालत. मुंबई सरकारनं १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच केला. लँकेशायरमध्ये दरम्यान गिरण्या बंद पडत होत्या, आणि १८६२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख माणसं मदतीवर जगत होती. एकाच्या वावरातली तेजी ती दुसऱ्याच्या घरातली चूल विझलेली. हे दोन्ही एकाच पानावर आल्याशिवाय ‘जागतिक व्यापार’ हे सूत्र अर्धंच राहतं.

जळगाव या काळात कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आलं आणि १८६४ मध्ये तिथे नगरपालिका झाली. मुंबईत कापसाचा पैसा समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांत आणि नव्या बँकांत ओतला गेला. बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव दहापट झाला होता. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजारातलं सर्वांत मोठं नाव. १८६५ च्या सुरुवातीला पर्शियन आखातातून तार सुरू झाली आणि विलायतेतली बातमी येण्याची वाट काही आठवड्यांवरून काही दिवसांवर आली. वायद्याचे सौदे चुकते करण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणेकऱ्यांकडे पैसे नव्हते. मुंबईची बँक ऑफ बॉम्बे या तडाख्यातून सावरली नाही, ती १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

खंडीचा हिशेब

ही तासिका टाळू नये. गणिताला घाबरून शिक्षक ती गाळतात आणि मग संपूर्ण प्रकरण गोष्टीसारखं वाहून जातं.

मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. आजही रुईचा भाव खंडीवरच बोलला जातो. आजची गाठ १७० किलोंची, म्हणून एका खंडीत दोन गाठींहून थोडी जास्त रुई. तीन भाग कपाशीतून साधारण एक भाग रुई निघते, तेव्हा एक खंडी रुईला साडेदहा क्विंटलच्या आसपास कपाशी लागते. मुलांचा पहिला घोळ इथेच होतो. रुईचा भाव कपाशीला लावतात आणि शेतकऱ्याचं उत्पन्न तिप्पट दाखवतात.

दुसरा घोळ नाण्यांचा. तेव्हा रुपया २ शिलिंगांचा, म्हणजे २४ पेन्सांचा. लिव्हरपूलचे भाव पौंड वजनाला पेन्समध्ये सांगितले जात. पेन्सला ७८४ नं गुणून २४ नं भागलं की खंडीचे रुपये मिळतात. ४ पेन्स भाव असेल तर खंडीला सुमारे १३१ रुपये, २० पेन्स असेल तर सुमारे ६५३. हे आकडे लिव्हरपूलचे आहेत. त्यातून जहाजाचं भाडं, विमा, गाठी बांधण्याचा खर्च, मुंबईची दलाली, गाडीभाडं आणि गावच्या व्यापाऱ्याचा नफा वजा झाल्यावर जे उरतं ते वावराच्या बांधावर पोहोचतं. फळ्यावर लिव्हरपूलपासून बांधापर्यंत उलट्या क्रमानं एकेक वजाबाकी करावी. प्रत्येक टप्प्यावर कुणाचा हात आहे ते मुलांकडून नाव लावून लिहून घ्यावं.

आता कर्ज. हे उदाहरण काल्पनिक आहे, तसं वर्गात स्पष्ट सांगावं. बांधावरचा भाव खंडीला ४०० रुपये असताना एका शेतकऱ्यानं विहिरीसाठी आणि बैलजोडीसाठी २०० रुपये घेतले. अर्धी खंडी रुई विकली की कर्ज फिटेल असा त्याचा अंदाज. व्याज शेकडा दरमहा २, सरळ. दोन वर्षांत व्याजच ९६ रुपये, देणं २९६ झालं. भाव मात्र १५० वर आला. आता कर्ज फेडायला जवळपास दोन खंडी रुई लागते, म्हणजे एकवीस क्विंटल कपाशी. शेतकरी आळशी झाला नाही, पीकही बुडालं नाही. तरी ओझं चौपट झालं. भाव उतरला, कर्जखतावरचा आकडा उतरला नाही. हेच सूत्र मुलांना जगभर शोधायला लावायचं आहे: तेजीच्या भावात लिहिलेलं, मंदीत फेडावं लागणारं देणं.

व्याज चक्रवाढ धरलं तर काय होतं, तेही करून पाहावं. मुलं ते घरी करून आणतात आणि दुसऱ्या दिवशी आपणहून बोलायला लागतात.

पाच ठिकाणं, एक धक्का

चौथ्या तासिकेत वर्गाचे पाच गट करावेत. प्रत्येक गटाला एकच प्रश्न: पडत्या भावाचं ओझं कुणाच्या नावावर लिहिलेलं होतं?

मुंबई गटाला उत्तर लगेच सापडतं. ओझं होतं भागधारकांच्या आणि बँकांच्या नावावर, म्हणून कोसळणं झटपट आणि गाजावाजाचं झालं. हा गट लवकर मोकळा होतो, त्याला दुसऱ्या गटाची मदत करायला लावावं.

इजिप्त गटाला जास्त वेळ द्यावा. तिथे कापसाची निर्यात युद्धाच्या काळात चौपट झाली. १८६३ मध्ये गादीवर आलेल्या इस्माइलनं त्या उत्पन्नाच्या भरवशावर कालवे, रेल्वे आणि राजवाडे यांसाठी युरोपातून कर्ज काढलं. म्हणजे देणं राज्याच्या नावावर होतं. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातले शेअर ब्रिटनला विकावे लागले. १८७६ मध्ये परदेशी सावकारांचं नियंत्रण बसलं, १८७९ मध्ये इस्माइल पदच्युत झाला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या. कापसाचं कर्ज ते परकी अंमल, हा रस्ता सतरा वर्षांचा. मुलं मधल्या पायऱ्या गाळून ‘कापसामुळे इजिप्त गुलाम झाला’ असं लिहितात. ते खोडून प्रत्येक पायरीवर कुणी काय ठरवलं हे लिहायला सांगावं, कारण दर पायरीवर दुसरा निर्णय शक्य होता.

अमेरिकेच्या दक्षिणेत सुमारे ४० लाख माणसं गुलामगिरीतून सुटली. जमीन त्यांना मिळाली नाही. बटाईनं जमीन कसायची, बी आणि धान्य दुकानदाराकडून उधार घ्यायचं, आणि येणारं पीक आधीच तारण. स्वातंत्र्य कायद्यानं आलं आणि कर्जानं बांधून ठेवलं. खानदेशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षाचा करार करतो आणि उचल घेतो, ती पद्धत मुलांना माहीत असते. तुलना करावी, पण सालदार आणि मुक्त झालेला गुलाम एकच, असं लिहू देऊ नये. एकाच्या मागे विकला जाण्याचा इतिहास आहे, दुसऱ्याच्या नाही. तुलनेची सीमा दाखवणं हाही अभ्यासाचाच भाग.

पुणे-नगर गटाचं काम सर्वांत अवघड. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांवर चाल केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. रोख होता कर्जखतांवर, ती काढून घेऊन जाळली गेली. सरकारनं चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण पुणे-नगरच्या त्या कोरडवाहू पट्ट्यात कापूस फारसा नव्हताच. मग तेजीचा संबंध काय? तेजीत धान्य, मजुरी, जमीन सगळंच महागलं, सावकारानं सढळ हातानं उधार दिलं. आणि इंदापूर, भीमथडी या तालुक्यांची तीस वर्षांची सारामुदत, म्हणजे साऱ्याचा दर न बदलण्याची मुदत, नेमकी त्याच सुमारास संपली. चढे भाव डोळ्यांपुढे ठेवून नवा, वाढीव सारा बसला आणि मागून भाव उतरले.

आता फळ्याच्या कोपऱ्यातली १८५२ ही तारीख वापरायची. खानदेश गटाचा प्रश्न असा: कापूस इथे जास्त, भावाचा तडाखा इथे थेट, तरी १८७५ चं बंड इथे का पेटलं नाही? खानदेशात मोजणी १८५२ नंतरची, मुदत तीस वर्षांची, त्यामुळे फेरआकारणी १८८० च्या दशकाकडे ढकलली गेली. तेजीतल्या भावावर सारा इथे बसला नाही. ज्या मोजणीला सावदा-फैजपूरनं विरोध केला होता, तिचा उशीरच इथे ढाल झाला. शिवाय तापीकाठची काळी जमीन, आणि १८६५ नंतर चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या स्टेशनांपर्यंत आलेली अखंड रेल्वे. जळगावच्या व्यापाऱ्यांना १८६५ च्या मंदीत जबर फटका बसला, तरी पेठ टिकली, वाढली. तीनही कारणं मुलांनी वजन लावून मांडावीत. सारा-मुदतीचं कारण बहुतेक मुलं शेवटी लिहितात, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ते पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या उत्तराला जास्त गुण द्यावेत.

नोंदीत नसलेले

पाचवी तासिका साधनांची. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये कापूस, सारा, पेठा यांवर भरपूर मजकूर आहे. तो लिहिला अधिकाऱ्यांनी आणि सरकारी कामासाठी. भाव, गाठी, एकर त्यात मिळतात. वेचणीला जाणाऱ्या बाईची मजुरी, तेजीत सावकाराकडे गेलेलं भिल्ल कुटुंबाचं शेत, घाटात बैल गमावलेला गाडीवान हे त्यात स्वतःच्या तोंडानं बोलत नाहीत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं जतन केली आहेत, तिथे वर्ग नेता आला तर मोडी कागद कसा दिसतो एवढं तरी दाखवावं. घरी जुनं कर्जखत, खरेदीखत असेल तर मुलांनी मूळ कागद वर्गात आणू नये, फोटो आणावा. त्यातली नावं आणि गट क्रमांक झाकून मगच तो वर्गात दाखवावा. जमिनीचे वाद गावात जिवंत असतात.

त्या कागदावर चार गोष्टी शोधायला सांगाव्यात: रक्कम, व्याजाचा दर, तारण काय, मुदत किती. मग त्या तारखेच्या सुमाराला पिकाचा भाव काय होता आणि मुदत संपताना काय झाला, हे मिळेल तितकं लावून पाहावं. भाव मिळाला नाही तर जागा कोरी सोडावी. अंदाजानं भरलेला आकडा पुढच्या सगळ्या ओळी बिघडवतो.

शेवटी प्रत्येकानं जगातलं एक दुसरं प्रकरण निवडून दोन पानं लिहावीत, आणि निवड शिक्षकांनी तपासून मगच मान्य करावी. ब्राझीलचं रबर चांगलं चालतं. मनाउस शहरात रबराच्या पैशांतून उभं राहिलेलं नाट्यगृह १८९६ मध्ये उघडलं. रबराचं बी १८७६ मध्येच बाहेर गेलं होतं, आशियातल्या मळ्यांचं रबर बाजारात आलं आणि १९१० नंतर भाव ढासळला. जंगलात चीक गोळा करणारा मजूर मात्र व्यापाऱ्याच्या वहीत आधीपासूनच कर्जात होता. इथे खानदेशसारखंच बियाणं, वाट, भाव आणि वही, चारही धागे हाती लागतात. हॉलंडचा १६३७ चा ट्युलिपचा सट्टा मुलांना फार आवडतो, तो या कामासाठी घेऊ देऊ नये. ट्युलिपच्या भावावर कुणाचा सारा ठरला नव्हता आणि कुणाचं वावर गहाण पडलं नव्हतं, त्यामुळे तो मुंबईच्या शेअरबाजाराशी जुळतो, खानदेशच्या बांधाशी जुळत नाही.